ढालीचा डावा अर्धा भाग

"तुम्ही तिकडे आयर्लंडमध्ये काय करता?" पुण्यातल्या कुठल्याही लग्नात हा प्रश्न आला की मी सरळ सांगते, "प्राचीन ग्रीक सैनिकांची शिरस्त्राणं आणि ढाली बनवते." समोरची बाई एकदा माझ्याकडे बघते, एकदा माझ्या नवऱ्याकडे बघते आणि विचारते, "आणि हे?" हे आयटीत आहेत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडतो. पूर्वी मला याचा राग यायचा. आता मी तिला पुढचं सगळं ऐकवूनच सोडते, मग पंगत उठली तरी बेहत्तर.

मी तांबटाची मुलगी. आमच्या घरात हातोडा पुरुषांचा आणि चिंच-राख बायकांची, अशी वाटणी होती. भांडी ठोकायची भावांनी, घासून चकचकीत करायची मी. बाबा दुपारी जेवून आडवे झाले की मी त्यांच्या जागेवर बसून एखाद्या फुटक्या तपेलीवर हात चालवायचे. आवाज तर होणारच. बाबा उठून बघायला कधी आले नाहीत. संध्याकाळी मात्र चहा पिताना हवेत बोलल्यासारखं म्हणायचे, "दुपारी कुणीतरी फार घाईत ठोकत होतं. पत्र्याला श्वास घेऊ द्यावा." माझं सगळं शिक्षण ते एवढंच. हातोडा त्यांनी माझ्या हातात कधी दिला नाही, आणि आता ते नाहीत. ते राहिलंच.

लग्नानंतर मकरंदबरोबर आयर्लंडला, सिटीवेस्ट नावाच्या उपनगरात आले तेव्हा माझ्याकडे नोकरी नव्हती आणि काम करायचा परवानाही नव्हता. पहिल्याच वर्षी डोंगराकडच्या एका गावात जत्रेसारखा बाजार भरला होता. तिथं एक उंच, लालसर माणूस लोकांसमोर ब्राँझच्या पत्र्यावर दणादण हाणत होता. ब्राँझ म्हणजे आपल्या काशाच्या जातीचंच, फक्त त्यात कथील कमी असतं. मी पाच मिनिटं बघितलं. मग राहवेना.

"थांबा. पत्रा कडक झालाय. आता फाटेल."

"तुला कसं कळलं?"

"आवाज बदललाय."

त्यानं माझ्याकडे दुर्लक्ष करून आणखी तीन ठोके मारले आणि पत्रा टर्रकन फाटला. लोक हसले. त्यानं हातोडा माझ्यापुढे धरला. दांडा माझ्याकडे, लोखंड त्याच्याकडे. माझ्या आयुष्यात माझ्या हातात कुणी हातोडा दिला तो हा पहिला माणूस, डेक्लन. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा, पण इथं सगळेच एकेरी. जन्मभर त्यानं गरम पाण्याच्या तांब्याच्या टाक्या बसवल्या होत्या आणि जन्मभर मनात ग्रीक सैनिक बाळगले होते. परवाना मिळाला त्याच आठवड्यात मी त्याच्या घरामागच्या शेडमध्ये कामाला लागले.

आता कामाविषयी. डोकं झाकणारं, नाकावर पट्टी आणि गालांवर पाती असलेलं ते प्रसिद्ध ग्रीक शिरस्त्राण एका अखंड पत्र्यातून उठवायचं असतं. सांधा नाही, जोड नाही. पत्रा भट्टीत लाल करायचा, पाण्यात बुडवायचा, म्हणजे तो मऊ होतो. मग लोखंडी ठोकळ्यावर धरून ठोके. ठोक्यांनी तो पुन्हा कडक होतो. पुन्हा भट्टी. असं तीस-चाळीस वेळा. आमच्याकडे शेवटी ठोक्याशेजारी ठोका मारून जी नक्षी उठवतात तिला मठारकाम म्हणतात. माझ्या पहिल्या शिरस्त्राणावर मी सवयीनं सुरेख मठारकाम केलं. डेक्लननं ते फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, "फार छान. पण यात पाणी तापवायचंय का?" ग्रीकांची शिरस्त्राणं बाहेरून गुळगुळीत असायची. तेव्हापासून माझं मठारकाम मी आतल्या बाजूला करते. जो डोक्यात घालतो त्यालाही दिसत नाही, पण मला ठाऊक असतं.

आणि ही माणसं कोण होती? लोकांना वाटतं, पोटाच्या सहा गाठी दाखवत हिंडणारे पैलवान. अहो, कुठले! एक स्पार्टा सोडलं तर बाकीच्या गावांतली ही साधी शेतकरी, कुंभार, चांभार माणसं. ऑलिव्हची झाडं, चार शेळ्या आणि भिंतीला टांगलेली स्वतःची ढाल. गावाचं बोलावणं आलं की तीन दिवसांची भाकरी आणि कांदे बांधून निघायचं. साठीपर्यंत बोलावणं यायचं. उन्हात ते ब्राँझ तापायचं. शिरस्त्राण घातलं की ऐकू जवळपास येत नाही, बाजूचं दिसत नाही, स्वतःचाच श्वास कानात घुमतो. समोर भाले घेऊन तशीच माणसं उभी. लढाईआधी पुष्कळांचे पाय लटपटायचे, कित्येकांचं धोतर ओलं व्हायचं. त्या लोकांनी हे लपवलं नाही, स्वतःच लिहून ठेवलं. शौर्य म्हणजे काय, तर त्या अवस्थेत जागा न सोडणं.

जागा का सोडायची नाही, हे ढालीमुळे कळतं. ढाल म्हणजे तीन फूट व्यासाची लाकडी खोलगट ताटली, वरून ब्राँझचा पत्रा, वजन सात-आठ किलो. मधोमध एक रुंद कडं असतं. डावा हात त्यात कोपरापर्यंत घालायचा आणि काठाजवळची दोरी मुठीत धरायची. म्हणजे तुमचं कोपर ढालीच्या मध्यावर येतं. ढालीचा उजवा अर्धा भाग तुम्हाला झाकतो. डावा अर्धा भाग तुमच्या पलीकडे, बाहेर राहतो. तो तुमच्या डावीकडच्या माणसासाठी असतो. त्याची उजवी बाजू तुमच्या ढालीमागे, तुमची उजवी बाजू तुमच्या उजवीकडच्याच्या ढालीमागे. अशी सगळी रांग. म्हणून शिरस्त्राण टाकून पळालेल्याला ते लोक एकवेळ माफ करायचे, पण ढाल टाकून पळालेल्याला नाही. शिरस्त्राण स्वतःचं असतं, ढाल अर्धी दुसऱ्याची.

आणि रांगेच्या उजव्या टोकाला जो उभा असतो, त्याला कुणीच झाकत नाही. त्याची उजवी बाजू कायम उघडी. तिथं सगळ्यात खमका माणूस लागतो.

आमच्या गटात आठ जण. दर रविवारी डेक्लनच्या मागच्या शेतात आम्ही रांग धरायचो आणि पाळीपाळीनं एकेक जण समोरून बोथट दांडा चालवायचा. उजव्या टोकाला डेक्लन. त्याच्या डावीकडे मी. माझ्या डावीकडे डॉक्टर अमोल. हा मूळचा नागपूरचा, तिथंच शिकलेला, इथल्या सरकारी रुग्णालयात छातीच्या वॉर्डात काम करणारा. पुढे बसचालक, शाळामास्तर, मेंढपाळ वगैरे. बाई रांगेत कशाला, असं सुरुवातीला एक-दोघं कुरकुरले. डेक्लन म्हणाला, "ढाल जी बनवते तिनं ढालीमागे उभं राहायला नको?" विषय संपला. आणि हा नुसता शब्द नव्हता, शेडचा रिवाजच होता. नवी ढाल तयार झाली की एकानं ती धरायची, बनवणाऱ्यानं तिच्या डाव्या अर्ध्यामागे, म्हणजे शेजाऱ्याच्या जागी उभं राहायचं आणि तिसऱ्यानं अॅश नावाच्या चिवट लाकडाच्या दांड्यानं बरोबर तिथंच पूर्ण ताकदीनं हाणायचं. ढाल टिकली तर गिऱ्हाईकाकडे जाणार. सात वर्षांत मी असे कितीतरी दणके खाल्ले. एकही ढाल फुटली नाही. हे मी टेचात सांगते, कारण ते खरं आहे.

मग २०२० उजाडलं आणि सगळं बंद झालं.

शेड माझ्या घरापासून सात किलोमीटर. घराबाहेर पडायची परवानगी आधी दोन किलोमीटरची, मग पाचची. मी अवजारं घरी आणली. सिटीवेस्टच्या फ्लॅटच्या बाल्कनीत लोखंडी ठोकळा मांडून मी शिरस्त्राणं ठोकायला लागले. आत मकरंद ऑफिसच्या मीटिंगमध्ये. त्याच्या सायबानं एकदा विचारलं, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का? हा म्हणाला, "नाही, बायको आहे." खालच्या मजल्यावरून तक्रार गेली, इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं. मी उत्तर लिहिलं की मी दुपारी बारा ते दोन एवढंच ठोकते, आणि माझ्या वडिलांच्या आळीत पहाटेपासून शंभर हातोडे चालायचे तरी लोक पोरं झोपवत होते. पुन्हा पत्र आलं नाही.

त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. समुद्रकाठी डून लेरीला राहणारे एक निवृत्त दंतवैद्य, त्यांनी टाळेबंदीआधी माझ्याकडून शिरस्त्राण नेलं होतं. घरी बसून कंटाळले, त्यांनी ते आतून मऊ व्हावं म्हणून स्वतःच जाड स्पंज चिकटवला आणि घातलं. घातलं ते निघेना! कान अडकले. बायको ओढून दमली. शेवटी गृहस्थ ते डोक्यात तसंच ठेवून डार्ट लोकलनं शहरात, तिथून लुआस ट्रामनं थेट सिटीवेस्टला. नियम म्हणजे नियम, म्हणून त्यांनी शिरस्त्राणाच्या वरून कापडी मास्क बांधला होता. मी दार उघडलं आणि किंचाळले.

"गाडीत कुणी काही म्हणालं नाही?"

आतून घुमत आवाज आला, "एक आजीबाई म्हणाल्या, 'ग्रँड डे, थँक गॉड.'"

भांडी घासायचा साबण ओतून अर्ध्या तासात काढलं. कान शाबूत होते. जाताना म्हणाले, "एक सांगू? आत फार एकटं वाटतं हो." मी म्हटलं, वाटणारच. म्हणून तर शेजारी माणूस लागतो.

ऑगस्टात थोडी सूट मिळाली तेव्हा आम्ही शेतात जमलो. दोन-दोन मीटर अंतर ठेवून. डेक्लननं मोजपट्टी आणली होती. आठ जण ढाली घेऊन असे उभे राहिलो की मधून बैलगाडी गेली असती. प्रत्येकाच्या ढालीचा डावा अर्धा भाग हवेला झाकत होता.  डेक्लननंच शिरस्त्राण वर सरकवलं आणि म्हणाला, "याला रांग म्हणत नाहीत. बसची वाट बघणं म्हणतात. चला, घरी जाऊ."

पुढच्या वर्षीच्या जानेवारीत डेक्लन आजारी पडला. तोच आजार. त्याची बायको ब्रीडा हिला आत सोडेनात, मला तर नाहीच. आमचं नशीब की तो अमोलच्याच वॉर्डात होता. अमोल रोज ड्यूटी संपली की गाडीत बसून मला फोन करायचा. आवाज पार चिरकलेला असायचा.

"काकू, आज थोडं बरं आहे. पण बाप्पा, काय माणूस आहे हा! ऑक्सिजनचा मास्क लावून मला विचारून राहिला, 'शेतात गवत किती वाढलं?'"

तीन आठवड्यांनी तो घरी आला. अमोलनं मला वेगळं सांगितलं, "फुप्फुसं सुधारतील, पण वेळ लागेल. आणि ढालीचं विसरा. आठ किलो डाव्या खांद्यावर? मी डॉक्टर म्हणून नाहीच म्हणून राहिलो." डेक्लनला मात्र एकच ध्यास. सप्टेंबरात शाळांसाठी एक फिल्म आमच्या शेतात चित्रित होणार होती आणि कॉर्कहून दुसरा गट समोर उभा राहायला येणार होता. खऱ्या वजनाच्या ढाली, खरी रेटारेटी. वीस वर्षं तो यासाठी लोकांच्या मागे लागला होता. फोनवर मला म्हणाला, "मी त्या रांगेत नसेन तर मग मी त्या आजारातून कशाला उठलो?" मला रडू आलं. फोन ठेवल्यावर मी एक मूर्खपणा करायचं ठरवलं.

मी त्याच्यासाठी नवी ढाल केली. लाकूड नेहमी तोच कातायचा. या वेळी ऑगस्टात शेडमधून घरी आणून ठेवलेली एक तयार ताटली घेतली आणि आतून खरवडून खरवडून निम्मी पातळ केली. वर पत्रा चढवला तो दागिन्यांच्या कामाचा, कागदासारखा. काठ मात्र जाड ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला कळू नये. वजन साडेतीन किलो. दिसायला अप्रतिम! इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं. चित्रीकरणापुरती धरेल, खूश होईल, कुणाला पत्ता लागणार नाही. दयेपोटी केलं, हो. पण त्या वेळी मला ती हुशारी वाटत होती.

एप्रिलमध्ये प्रवासाची बंदी उठली त्याच दिवशी मी ढाल घेऊन गेले. अमोलही सुट्टीवर होता, तोही आला. डेक्लन अंगणात खुर्चीवर बसला होता. कपडे अंगावर टांगल्यासारखे. मी ढाल त्याच्या हातात दिली. त्यानं कड्यात हात घातला, उचलली, आणि त्याचा चेहरा जो फुलला होता तो तसाच थांबला.  मग म्हणाला, "अमोल, दांडा आण. शैला, तू डावीकडे उभी राहा."

शेडचा रिवाज!  अमोल पूर्ण ताकदीनं हाणणार, आणि ती पातळ ढाल माझ्या बरगड्यांपुढे.

मी म्हणाले, "अरे, दोन मीटर अंतर आहे ना अजून. नियम आहे."

डेक्लन माझ्याकडे वळला. "वर्षभर तू बाल्कनीत हातोडा चालवलास. मॅनेजमेंटला पत्र लिहून गप्प केलंस. आणि आज तुला नियम आठवला?"

त्यानं ढाल काढली, दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि अमोलला म्हणाला, मार. अमोलनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यानं मारलं ते काही फार जोरात नाही, पण लाकूड कडकन मोडलं आणि पत्र्याला हातभर चीर गेली. डाव्या अर्ध्यात. बरोबर जिथं मी उभी असते तिथं.

"ही ढाल नाही," डेक्लन म्हणाला. त्याला धाप लागली होती, तरी थांबेना. "हा ट्रे आहे. चहाचा ट्रे! तुला वाटलं, मला हलकं करून देतेस. माझ्या अर्ध्या भागाचं मी बघून घेतलं असतं गं. पण हा अर्धा भाग माझा कधीच नव्हता, तो तुझा होता. तू स्वतःचीच भिंत पोखरलीस, आणि ती मला धरायला लावणार होतीस?"

 इतक्या वर्षांचं काम, ढालीचा डावा अर्धा भाग कुणाचा हे लग्नातल्या बायकांना ऐकवणारी मी, आणि हीच गोष्ट विसरले. तिथंच अंगणात उभी राहून रडले. ब्रीडानं चहा आणला, तो कुणी प्यायलं नाही.

"जुनी ढाल काढ," डेक्लन म्हणाला. अमोल म्हणाला, नाही. डेक्लन म्हणाला, काढ. ती त्याची आठ किलोची, सतरा ठिकाणी चेपलेली ढाल. त्यानं हात घातला, खांद्यावर काठ टेकवला. ग्रीकांची युक्ती तीच आहे, खोलगटपणामुळे वजन खांद्यावर बसतं, हातावर कमी येतं. ब्रीडा स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन आली. अकरा सेकंदांनी त्याचा गुडघा वाकला आणि अमोलनं त्याला धरलं.

"अकरा," डेक्लन म्हणाला. "काल शून्य होते."

त्यानंतर रोज. मे महिन्यात चाळीस सेकंद. जूनमध्ये दीड मिनिट, पण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता आलं नाही. अमोल आधी चिडला, मग नाइलाजानं व्यायाम शिकवायला लागला, मग शेवटी त्याच्याहून जास्त ईर्षेनं घड्याळ बघायला लागला. जुलैअखेर तीन मिनिटं. पण एक गोष्ट आम्हा तिघांनाही दिसत होती. दमला की त्याची उजवी बाजू लुळी पडायची. आणि त्याची जागा होती उजव्या टोकाची.

ते मी बोलले. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, शेडमध्ये.

"उजव्या टोकाला मी उभी राहीन. तू माझ्या डावीकडे."

"ती माझी जागा आहे."

"होती."

ब्रीडा चहा ओतायची थांबली.

"तिथं तुला कुणी झाकणार नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. इतकी वर्षं तूच सांगतोयस."

"मला कुणी झाकायची गरज नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "सात वर्षं तू मला झाकलंस, तेव्हा मी म्हणाले का, मला गरज नाही म्हणून? गप्प उभी राहिले ना? तशीच तूही राहा. ढाल तुझी जुनी, पूर्ण वजनाची. त्यात एक छटाक कमी करणार नाही. तुझा डावा अर्धा भाग आता अमोलचा आहे, तो तू सांभाळायचास. आणि माझ्या ढालीचा डावा अर्धा तुझा. पटत असेल तर बघ, नाहीतर मी नाही उभी राहत."

तो उठून बाहेर गेला. वीस मिनिटांनी परत आला आणि चहा थंड झाला म्हणून ब्रीडावर उगाच खेकसला. आम्हाला कळलं, पटलंय.

फिल्मसाठी विद्यापीठातले एक प्राध्यापक सल्लागार होते. सायकलवरून यायचे, हातात कायम वही. त्यांनी रांग बघितली आणि नम्रपणे म्हणाले की उजव्या टोकाला बाई, हे इतिहासाला धरून होणार नाही, आणि सद्गृहस्थांचं वय पाहता त्यांना खुर्ची दिलेली बरी. इथं एखाद्याचं नाव घ्यायचं नसलं की 'युअर मॅन' म्हणतात. डेक्लन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "युअर मॅनला कुणीतरी सांगा, त्याच्या वहीत एकही ढाल ठोकलेली नाही."

मी म्हटलं, "सर, शिरस्त्राण घातल्यावर मी बाई दिसणार नाही आणि हा म्हातारा दिसणार नाही. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, ते त्याचसाठी बनवलंय. आणि मला काढणार असाल तर ढालीही घेऊन जाते. आठही."

प्राध्यापकांनी वही मिटली.

कॉर्कवाले आले. हसरे, आडदांड, गाडीतून उतरल्या उतरल्या आम्हाला चिडवायला लागले. दिग्दर्शिकेला दोन मिनिटांची रेटारेटी हवी होती. भाले बोथट, पण दांडे खरे. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. दीड वर्षानंतर! ढालीचा काठ ढालीवर चढला तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून मला बाबांची आळी आठवली. माझ्या डावीकडे डेक्लनचा श्वास. शिरस्त्राणातूनही मला तो ऐकू येत होता, शिट्टीसारखा. आणि माझ्या उजवीकडे काही नाही. नुसतं शेत. ती जागा किती रिकामी असते ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तो माणूस तिथं इतकी वर्षं उभा होता आणि एकदाही बोलला नव्हता.

ते आले. पहिला धक्का असा बसला की माझे दात वाजले. कुठलं चित्रीकरण आणि कुठलं काय, मला समोरचं फक्त ब्राँझ दिसत होतं. रेटा. पाय चिखलात रुतले. एक दांडा उजवीकडून आला आणि माझ्या उघड्या दंडावर सणसणीत बसला. माझ्या तोंडून अस्सल तांबट आळीतली शिवी गेली. ढाल मी हलवली नाही. हलवली असती तर माझा दंड वाचला असता आणि डेक्लन उघडा पडला असता. तो एका गुडघ्यावर खाली जाताना मला जाणवला. माझ्या ढालीच्या डाव्या अर्ध्यावर त्याचं सगळं वजन आलं. मी दात खाऊन मराठीत ओरडले, "ऊठ! ऊठ रे मेल्या!" त्याला काय कळलं देव जाणे, पण वजन हळूहळू हललं. तो उठला. आणि पलीकडून अमोल बोंबलला, "काकू, ढाल जागेवर आहे! काका हलले नाही!"

दिग्दर्शिका 'कट' म्हणाली तरी कुणाला ऐकू आलं नाही. शेवटी प्राध्यापकच मधे धावले, हात हलवत.

डेक्लन गवतात आडवा पडला होता आणि हसत होता. अमोल त्याची नाडी धरून घड्याळ बघत होता. ब्रीडा घरातून सँडविच घेऊन आली. कशात? माझ्या त्या फुटक्या ढालीत. चीर पडलेल्या जागी तिनं फडकं अंथरलं होतं.

"ट्रे म्हणून फार छान आहे," ती म्हणाली. तिथं सगळ्यात जास्त मीच हसले असेन.

डेक्लन उठून बसला. त्यानं माझा दंड बघितला. तो कोपरापर्यंत काळानिळा पडत चालला होता. त्यानं अंगावर चढवलेल्या शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर केली. दंडावर जुने व्रण होते, काही फिकट, काही कातडीतच मुरलेले. सात वर्षांचे. मी ते कधी पाहिले नव्हते.

"पुढच्या वर्षी मी परत माझ्या जागेवर," तो म्हणाला.

"विचारून बघ," मी म्हटलं आणि सँडविच घेतलं.

त्यानं पुढच्या वर्षी विचारलं. दर वर्षी विचारतो. आज आमच्या रांगेत उजव्या टोकाला मी आहे, माझ्या डावीकडे डेक्लन, त्याच्या ढालीमागे अमोल. माझी उजवी बाजू उघडीच असते. असू दे.